इन्स्पेक्टर चेन आणि शांघायच्या चाळी

'मी रहस्यकथा वाचते' असं एखाद्या चाळिशीतल्या बाईने सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू येतंच. कविता वाचते म्हटलं तर कौतुक, पोथी वाचते म्हटलं तर आदर, आणि रहस्यकथा म्हटलं की, 'अगंबाई, अजून?' जणू शाळेबरोबर सुटायला हवी होती अशी एखादी खोड! पण खरं सांगायचं तर आपल्यातल्या कितीतरी जणींना वाचनाची गोडी लावली ती याच पुस्तकांनी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या असोत, गावातल्या वाचनालयातून आणून अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचलेल्या. मग दूरदर्शनवर १९८५ मध्ये गाजरं खाणारा करमचंद आला आणि १९९३ मध्ये धोतरातला शांत, हुशार ब्योमकेश बक्षी. हेर आपल्याला घरचेच वाटू लागले.

आज ज्या हेराबद्दल लिहितेय, तो मात्र पार दूरचा आहे. शांघायचा. त्याचं नाव चेन त्साओ. चीफ इन्स्पेक्टर चेन. चिनी लोकांत आडनाव आधी लावतात, तेव्हा 'चेन' हे आडनाव.

चीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ मध्ये तिकडे जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. दुसरं १९६२ चं युद्ध. तिसरं म्हणजे जत्रेतली खेळणी आणि दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा. आता त्यात करोनाची भर पडली. पण तिथली बाई सकाळी उठून काय करते, भाजी कशी आणते, सासऱ्यांशी कशी बोलते, नवऱ्याच्या पगारात घर कसं भागवते, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. वर्तमानपत्रात देश दिसतो, माणसं दिसत नाहीत. मला ती माणसं भेटली या खुनाच्या गोष्टींमध्ये.

या पुस्तकांचे लेखक छ्यू श्याओलोंग. जन्म १९५३, शांघायचा. १९८८ मध्ये ते अभ्यासासाठी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गेले. विषय होता टी. एस. एलियट या कवीचा. पुढच्याच वर्षी, जून १९८९ मध्ये, बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कराने चिरडलं. छ्यू परत गेले नाहीत. अमेरिकेतच राहिले आणि परक्या भाषेत, इंग्रजीत, लिहू लागले. २००० मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, 'डेथ ऑफ अ रेड हिरॉइन'. पहिल्या कादंबरीसाठी दिला जाणारा अँथनी पुरस्कार तिला २००१ मध्ये मिळाला. तेव्हापासून चेनची डझनभर तरी पुस्तकं आली आहेत.

पहिल्या पुस्तकाचा काळ आहे मे १९९०. शांघायबाहेरच्या एका कालव्यात एका तरुण बाईचा मृतदेह सापडतो. ती असते ग्वान होंगयिंग. होंगयिंग या नावाचा अर्थच 'लाल वीरांगना'. शहरातल्या मोठ्या सरकारी दुकानात ती सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर काम करत होती. पण तिची खरी ओळख वेगळी. ती 'राष्ट्रीय आदर्श कामगार' होती. चीनमध्ये हा मान १९५० पासून दिला जातो. अशा माणसांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात, सभांमध्ये त्यांची भाषणं होतात, 'यांच्यासारखे व्हा' असं इतरांना सांगितलं जातं.

पोलीस तिच्या खोलीवर जातात. कर्मचाऱ्यांसाठीच्या वसतिगृहातली ती लहानशी खोली. शेजारी विचारपूस करतात तर काय? एकाच जिन्यावरून वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्या बायकांना तिच्याबद्दल काही म्हणजे काही सांगता येत नाही. ती नमस्कार-चमत्कार करायची आणि दार लावून घ्यायची. एकतिसाव्या वर्षी अविवाहित. मैत्रीण नाही, पाहुणा नाही. दिवसभर लोकांना क्रीम-पावडर दाखवणारी ही बाई स्वतः मात्र साधेपणाचा नमुना म्हणून मिरवायची होती.

आणि मग हळूहळू कळत जातं, की या आदर्श बाईचं एक लपवलेलं आयुष्य होतं. खोटं नाव सांगून ती एका पुरुषाबरोबर डोंगर बघायला गेली होती. हे तपासात उघड होतं तेव्हा मला धक्का बसला नाही, वाईट वाटलं. कारण तिला साधं सहलीला जायचं तरी स्वतःचं नाव टाकून द्यावं लागलं. 'ग्वान होंगयिंग' हे नाव तिचं राहिलंच नव्हतं. ते पक्षाचं होतं, वर्तमानपत्राचं होतं, भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राचं होतं.

हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. मी आमच्या तालुक्याच्या गावी बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्यांत भांडकुदळ म्हणून नाव झालेल्या बायका असतात, तशाच 'किती सोशिक हो, कधी आवाज चढला नाही' म्हणून अख्ख्या गल्लीने नावाजलेल्याही असतात. या दुसऱ्या बायकांना बोलतं करणं फार अवघड. भांडणारीला निदान तक्रार करायची सवय असते. आदर्श सून, आदर्श माता ठरलेल्या बाईला वाटतं, आता आपण तोंड उघडलं तर इतक्या वर्षांचं नाव पुसलं जाईल. ग्वान चीनमधली, पक्षाची सभासद, आपला तिच्याशी काय संबंध, असं म्हणता म्हणता ती ओळखीची वाटायला लागते. पुस्तकात तिचा खून एका माणसाने केलेला असतो. पण तिला एकटं पाडलेलं असतं ते सगळ्यांनी मिळून, तिचं कौतुक करून.

आता तपासाकडे वळू. यातला एक धागा तर अगदी आपल्या ओळखीचा. त्या काळी शांघायमध्ये घरोघरी फोन नव्हते. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक फोन, आणि तो सांभाळायला एखादं म्हातारं माणूस. फोन आला की चिठ्ठीवर नाव लिहून ठेवायचं, हाक मारायची. अशा फोनच्या नोंदींवरून पोलिसांना दिशा सापडते. आपल्याकडे गावात एकच फोन असायचा आणि 'अहो, तुमच्या पुण्याच्या मुलीचा फोन आलाय' म्हणून सगळ्या आळीला कळायचं, ते आठवलं! खासगी असं काही नसलेल्या जगात कुणाचं तरी कुणावर लक्ष असतंच, आणि कधी कधी त्याचाच उपयोग होतो.

संशय जातो तो एका बड्या नेत्याच्या मुलावर. हे सांगितलं म्हणून गंमत जाईल असं समजू नका. निम्मं पुस्तक व्हायच्या आत वाचकाला अंदाज येतोच. छ्यू यांच्या पुस्तकांत 'खून कुणी केला' हा प्रश्न लवकर सुटतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, की हे खरं उच्चारायची परवानगी मिळेल का? चेनच्या डोक्यावर पोलीस खात्याचा साहेब असतो, तसा पक्षाचा सेक्रेटरीही असतो. गुन्हा सिद्ध झाला तर पक्षाची अब्रू जाते, नाही झाला तर मेलेल्या बाईला न्याय नाही. वरून फोन येतो, तपास थांबव. कधी उलटंही होतं. राजकारणाला सोयीचं झालं की तोच तपास एकदम पुढे ढकलला जातो. शेवटी मिळालेला न्याय हा खरंच न्याय होता की कुणाची सोय, हा प्रश्न चेनला झोपू देत नाही. पुस्तक मिटल्यावर आपल्यालाही.

हा चेन आहे मोठा गोड माणूस. शिकला इंग्रजी साहित्य, लिहितो कविता. पण त्या काळच्या चीनमध्ये पदवीधरांना नोकरी सरकार ठरवून द्यायचं, म्हणून झाला पोलीस! फावल्या वेळात तो परदेशी रहस्यकथांची भाषांतरं करून चार पैसे मिळवतो. मृतदेह बघून आला की त्याला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या तांग काळातल्या कवीची ओळ आठवते. वडील प्राध्यापक होते, सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला. आई एकटी राहते आणि भेटला की एकच विषय काढते, लग्न कधी करतोस? जगाच्या पाठीवर कुठेही जा, आई ती आईच.

आणि खाणं! चेनसारखा खवय्या हेर मी तरी पाहिला नाही. आत गरम रस भरलेले वाफवलेले लहान लहान मोदकासारखे गोळे, खेकडे, नूडल्सचे नाना प्रकार. साक्षीदाराशी बोलायचं तेही बहुतेक वेळा जेवणाच्या टेबलावर. आपल्या शाकाहारी मैत्रिणींना काही पदार्थांची नावं वाचून कसंतरी होईल, हे आधीच सांगून ठेवते. पण मी ते भाग चवीने वाचले. कोणत्या घरात काय शिजतंय यावरून त्या घराची ऐपत, मूड, पाहुण्याचा मान, सगळं कळतं, हे या लेखकाला पक्कं माहीत आहे.

तरी माझं लाडकं पात्र चेन नव्हेच. ती आहे पेइछिन, चेनचा सहकारी यू ग्वांगमिंग याची बायको. एका सरकारी उपाहारगृहात ती हिशेब लिहिते. ही दोघं लहानपणी शहरातून खेड्यात धाडलेल्या पिढीतली. १९६८ पासून माओच्या आदेशाने शहरातल्या शाळकरी मुला-मुलींना 'शेतकऱ्यांकडून शिका' म्हणून खेड्यापाड्यांत पाठवण्यात आलं. असे एक कोटी साठ-सत्तर लाख तरुण गेले. कुणी दोन वर्षांनी परतले, कुणी दहा, कुणी कधीच नाही. तिकडे लग्न केलेल्यांना परत येणं आणखी कठीण. यू आणि पेइछिन गेले थेट दक्षिणेला, युन्नानमध्ये. तारुण्याची वर्षं तिकडे गेली. परत आल्यावर शांघायमध्ये वाट्याला आली एक खोली. त्यात नवरा, बायको, मुलगा, आणि शेजारच्या खोलीत सासरे. सासरेही निवृत्त पोलीस. टोपणनाव 'म्हातारा शिकारी'.

ही घरं म्हणजे या पुस्तकांचा आत्मा आहे. शांघायच्या जुन्या वस्त्यांना 'शिखूमन' म्हणतात, म्हणजे दगडी चौकटीच्या दाराची घरं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती बांधली गेली, एका घरात एक कुटुंब या हिशेबाने. पुढे गर्दी वाढत गेली आणि एकेका घरात दहा-बारा बिऱ्हाडं कोंबली गेली. स्वयंपाकघर सामाईक. प्रत्येकीची कोळशाची शेगडी वेगळी, आणि दिव्याचं बटणही वेगळं, बिल आपापलं! सकाळी उठून शौचाची भांडी बाहेर नेऊन धुवायची, ते काम बहुधा बायकांचंच. जिन्याच्या वळणावर, स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर एक चिंचोळी खोली असते, तिला म्हणतात 'थिंगत्सच्येन'. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. गिरगाव-परळच्या चाळींत ज्यांनी दिवस काढले, त्यांना हे वाचताना नळावरची भांडणं आणि गॅलरीतली माया, दोन्ही आठवतील.

२००४ मधल्या 'व्हेन रेड इज ब्लॅक' या कादंबरीत अशाच चिंचोळ्या खोलीत राहणाऱ्या एका लेखिकेचा खून होतो. चेन रजेवर, त्यामुळे तपास यूकडे. त्याच सुमारास यूच्या नावाने मंजूर झालेलं नवं घर ऐन वेळी हातचं जातं. तेव्हा घर मिळायचं ते नोकरीच्या ठिकाणाहून, वर्षानुवर्षं यादीत थांबून. ही पद्धत १९९८ मध्ये बंद झाली. आलेलं घर गेल्यावर त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल, ते आपल्याला समजवायला नको. पण पेइछिन रडत बसत नाही. ती त्या मेलेल्या लेखिकेची कादंबरी वाचायला घेते. पेइछिनला वाचनाचं वेड, अठराव्या शतकातली 'लाल महालाचं स्वप्न' ही चिनी कादंबरी तिची जीव की प्राण. त्या मुरलेल्या वाचकाच्या नजरेने ती पुस्तकातलं असं काही हेरते, की तपासाला मदत होते. हिशेबाच्या वह्यांतून डोकं काढून कादंबरी वाचणारी ही बाई खात्याकडून एक पैसा न घेता हेरगिरी करते, आणि वर नवऱ्याच्या साहेबांना त्या एका खोलीत बोलावून खेकड्यांची मेजवानीही देते!

याच पुस्तकात जुन्या शिखूमन वस्तीचं रूप पालटून तिथे झगमगती दुकानं काढायची योजना येते. खऱ्या शांघायमध्ये २००१ च्या सुमारास 'शिनथ्येनती' नावाचा असा भाग उभा राहिला. दगडी चौकटी तशाच, आत महागडी हॉटेलं. १९९० मध्ये सरकारने नदीपलीकडचा फुतोंग भाग विकसित करायचं ठरवलं, त्याच वर्षअखेरीस शेअर बाजार पुन्हा उघडला, १९९३ मध्ये मेट्रो धावली. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना हे शहर डोळ्यांदेखत बदलत जातं. कोण वर गेलं आणि कोण गल्लीतच राहिलं, हे लेखक विसरू देत नाही.

पुढच्या पुस्तकांचे विषयही असेच रोजच्या जगण्यातले. 'डोन्ट क्राय, ताय लेक' ही २०१२ मधली कादंबरी कारखान्यांनी नासवलेल्या तलावाची. खऱ्या ताय तलावात मे २००७ मध्ये इतकं हिरवं शेवाळ माजलं, की वुशी शहरातल्या लाखो लोकांच्या नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. 'एनिग्मा ऑफ चायना' या २०१३ मधल्या पुस्तकात एका अधिकाऱ्याच्या फोटोत समोर महागड्या सिगारेटचं पाकीट दिसतं, आणि इंटरनेटवरचे लोक विचारतात, एवढ्या पगारात हे परवडतं कसं? असाच प्रकार नानजिंगमध्ये २००८ मध्ये खरोखर घडला होता. त्या अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी लाचखोरीबद्दल अकरा वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये आलेल्या पुस्तकात तर चेन करोनाच्या टाळेबंदीतल्या शांघायमध्ये वावरतो.

गंमत म्हणा की दैव, यातल्या सुरुवातीच्या काही पुस्तकांची चिनी भाषांतरं झाली तेव्हा त्यांतून शांघायचं नावच काढून टाकलं गेलं. त्याजागी आलं 'एच शहर'. असे खून आमच्या शांघायमध्ये होणं शक्यच नाही, म्हणून! रस्त्यांची नावंही बदलली. ज्या गल्ल्यांच्या प्रेमापोटी लेखकाने सातासमुद्रापलीकडे बसून ही पुस्तकं लिहिली, त्या गल्ल्या त्याच्याच भाषेत त्याला नाकारल्या गेल्या.

छ्यू यांच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या वडिलांचा १९४९ पूर्वी अत्तराचा लहानसा कारखाना होता. एवढ्यावरून १९६६ मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीत ते 'भांडवलदार' ठरले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर पट्ट्या. तरी रेड गार्डना त्यांच्याकडून गुन्ह्याचा लेखी कबुलीजबाब हवा होता. दिसत नसलेल्या वडिलांच्या वतीने तो लिहिला किशोरवयीन मुलाने. न केलेल्या गुन्ह्याची कबुली! पुढे हाच मुलगा आयुष्यभर खरा गुन्हा कुणाचा, हे शोधणाऱ्या गोष्टी लिहीत राहिला, याचं मग आश्चर्य वाटत नाही. त्या दिवसांत शाळा-कॉलेजं बंद. तो शांघायच्या नदीकाठच्या बागेत व्यायामाला जाई, तिथे इंग्रजी शिकणारी माणसं बघून बाकावर बसून इंग्रजी शिकला. तीच भाषा पुढे कामी आली.

वाचावीशी वाटली तर सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करा, म्हणजे माणसं वयाने वाढताना दिसतील. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण इंग्रजी सरळ, वाक्यं लहान. बी. ए. नंतर इंग्रजी पुस्तक हातात न घेतलेल्या बाईलाही जमेल. नावांनी गोंधळायला होतं, तेव्हा पहिल्या पन्नास पानांपर्यंत एका कागदावर नाव आणि नातं लिहून ठेवा. मी तेच केलं. कवितांचे तुकडे आले की घाई करू नका. दुपारच्या चहाच्या वेळी दहा-दहा पानं वाचली तरी महिन्या-दीड महिन्यात एक पुस्तक होतं.

आमच्या भिशीत मी हे पुस्तक फिरवलं. एकीला चेन आवडला, एकीला सासरे. एक जण म्हणाली, खून बाजूला ठेव, त्या सामाईक स्वयंपाकघरात मीठ कुणाचं नि तेल कुणाचं याचं भांडण कसं मिटवत असतील ते सांग. पण ग्वान होंगयिंगचा विषय निघाला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातली सर्वांत शांत, कधी कुणाला उलटून न बोललेली मैत्रीण म्हणाली, 'तिला एक तरी मैत्रीण असती ना, तर बरं झालं असतं.' त्या दिवशी चहा झाल्यावरही आम्ही बराच वेळ उठलो नाही.